रीडमी लांब का होते? आधी बिल्ड आवरा, मग डॉक्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंकांतली रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारं एक छोटं पायथन पॅकेज आहे; पावत्या, चेक, भाडेकरार यांच्या सॉफ्टवेअरला उपयोगी पडणारं. रेपो (कोड ठेवलेलं फोल्डर) उघडला की समोर सेटअप.पीवाय, सेटअप.सीएफजी, रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी, मॅनिफेस्ट.इन, टॉक्स.आयएनआय आणि मेकफाइल अशा सहा फायली. रीडमी, म्हणजे पॅकेजची ओळख करून देणारी फाइल, साडेचारशे ओळींची, त्यातल्या दीडशे नुसत्या इन्स्टॉल कसं करायचं यावर. तरी नवा माणूस इन्स्टॉल करतानाच अडकतो, आणि पायथन ३.१२ पासून ‘सेटअपटूल्स सापडत नाही’ (सेटअपटूल्स म्हणजे पॅकेज बांधणारं अवजार) ही तक्रार रोजची झाली आहे. डॉक्स, म्हणजे वापरायच्या सूचना, आधी नीट लिहावेत की बिल्ड, म्हणजे कोडचं इन्स्टॉल होणारं पॅकेज बनवायची व्यवस्था, आधी बदलावं?

बिल्ड आधी. डॉक्सना हातही लावू नका. तुमच्या त्या दीडशे ओळी म्हणजे बिल्डमध्ये राहून गेलेल्या कामांची उधारी आहे. ‘आधी अमुक इन्स्टॉल करा, मग तमुक’ असं रीडमीत लिहिलंय, कारण ते अमुक आपोआप येईल अशी सोय कोणी केली नाही. ‘विंडोजवर असाल तर ही पायरी वेगळी’ असं लिहिलंय, कारण मेकफाइल (लांब कमांडना छोटी नावं देणारी फाइल) तिथे चालत नाही. उधारी फिटली की ओळ आपोआप जाते. उलट्या क्रमाने गेलात तर जी पायरी पुढच्या महिन्यात नाहीशी होणार आहे तिच्यावर तुम्ही सुंदर परिच्छेद लिहून बसाल. मी बसलो आहे, म्हणून सांगतो.

माझं पॅकेज मराठी शब्द अकारविल्हे लावायचं. त्याच्या सेटअप.पीवायमध्ये पहिल्याच ओळींत मी माझंच पॅकेज इम्पोर्ट करत होतो, कशासाठी तर व्हर्जन नंबर वाचायला. त्या पॅकेजच्या आत एक बाहेरची लायब्ररी इम्पोर्ट होत होती. माझ्या मशीनवर ती लायब्ररी कायम असायची, त्यामुळे मला कधीच काही दिसलं नाही. कोऱ्या मशीनवर मात्र गंमत व्हायची. पॅकेज इन्स्टॉल करायला सेटअप.पीवाय चालवायचं, ते चालायला लायब्ररी हवी, आणि ती लायब्ररी हवी आहे हे त्याच सेटअप.पीवायच्या खालच्या भागात लिहिलेलं. यावर मी काय केलं? रीडमीत एक ओळ घातली: ‘प्रथम ही लायब्ररी हाताने इन्स्टॉल करा.’ तीन वर्षं ती ओळ तिथे होती.

सेटअप.पीवायचं मूळ दुखणं हेच आहे. तो एक प्रोग्रॅम आहे. पॅकेजचं नाव काय, त्याला काय लागतं, हे कळण्यासाठी आधी तो चालवावा लागतो. पेप ५१८ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा क्रमांकित प्रस्ताव) २०१६ मध्ये यावर साधा तोडगा काढला: पायप्रोजेक्ट.टॉमल नावाची फाइल, जी कोणी चालवत नाही, फक्त वाचतं. तिच्यातल्या ‘बिल्ड-सिस्टीम’ या भागात बिल्डला काय लागतं ते लिहायचं. पिप (पॅकेजेस इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम) ते एका वेगळ्या, तात्पुरत्या वातावरणात आणतो आणि मग बिल्ड सुरू करतो. पेप ५१७ ने बिल्ड कोण करणार हे निवडायची मोकळीक दिली, आणि पेप ६२१ ने नाव, व्हर्जन, डिपेंडन्सी (पॅकेजला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) ही सगळी माहिती त्याच फाइलच्या ‘प्रोजेक्ट’ भागात कशी लिहायची ते ठरवून टाकलं. सेटअपटूल्सला हा ‘प्रोजेक्ट’ भाग २०२२ पासून, म्हणजे व्हर्जन ६१ पासून समजतो. तेव्हा हे नवीन आहे, अजून कच्चं आहे, थांबून बघू, ही सबब आता चालायची नाही.

तुमच्या ३.१२ च्या तक्रारीचं मूळही इथेच आहे. डिस्ट-युटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं अवजार ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीतून काढून टाकलं, आणि नवं व्हर्च्युअल वातावरण (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) तयार केल्यावर सेटअपटूल्स त्यात आपोआप येणंही तेव्हापासून बंद झालं. तुमच्या रीडमीत ‘पायथन सेटअप.पीवाय इन्स्टॉल’ अशी कमांड असणार. ती थेट चालवली की सेटअपटूल्स कुठून येणार? तिच्या जागी ‘पिप इन्स्टॉल’ आणि पुढे एक टिंब, एवढंच लिहायचं. टिंब म्हणजे ‘याच फोल्डरमधलं’. एक खुलासा करतो, कारण यावर फार गैरसमज आहेत: सेटअप.पीवाय ही फाइल कालबाह्य झालेली नाही, ती कमांड म्हणून चालवणं कालबाह्य झालंय. सी भाषेतलं काही कम्पाइल करायचं असेल तर ती फाइल राहू शकते. तुमचं पॅकेज शुद्ध पायथनमध्ये आहे, तुम्हाला तिची गरज नाही.

सेटअपटूल्सऐवजी दुसरं टूल घ्यायचं का? हॅचलिंग, फ्लिट, पोएट्री, पीडीएम, यूव्ही… यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुमच्या आकाराच्या पॅकेजला कोणतंही चालेल. सेटअपटूल्स आधीपासून आहे तर तेच ठेवा, कारण एका वेळी एकच गोष्ट बदललेली बरी. ज्यांच्यात फोर्ट्रान आणि सी आहे त्यांची गोष्ट निराळी. आकडेमोडीच्या लायब्ररींपैकी सायपाय २०२२ मध्ये १.९ पासून आणि नमपाय २०२३ मध्ये १.२६ पासून मेसॉन या बिल्डच्या अवजारावर गेले, कारण त्यांचं सगळं बिल्ड डिस्ट-युटिल्सवर उभं होतं आणि पायाच निघून चालला होता. तुमच्या पायाखालचं तसं काही सरकत नाहीये.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी बहुतेक जण गाळतात. काहीही बदलण्याआधी आज जे बिल्ड होतंय ते करून बाजूला ठेवा. ‘पायथन -एम बिल्ड’ चालवलं की डिस्ट फोल्डरमध्ये दोन गोष्टी पडतात: सोर्सचं गाठोडं आणि व्हील, म्हणजे थेट इन्स्टॉल होणारं पॅकेज. व्हील म्हणजे नुसती झिप फाइल असते; उघडा, आतल्या फायलींची यादी आणि मेटाडेटा नावाची फाइल दोन्ही एका कोपऱ्यात जपून ठेवा. मग सगळी माहिती पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये हलवा, पुन्हा बिल्ड करा, आणि दोन्ही याद्या डिफ करून, म्हणजे त्यांतला फरक काढून, बघा. मी हे केलं तेव्हा टर्मिनलवरून चालवायची कमांड गायब झालेली सापडली. सेटअप.पीवायमध्ये ती ‘एंट्री पॉइंट्स’खाली होती, नव्या फाइलमध्ये ती ‘प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स’मध्ये जायला हवी होती आणि मी विसरलो होतो. टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण ती कमांड कुठलीच टेस्ट चालवत नव्हती. डिफने ती पकडली.

तुमच्या बाबतीत त्या यादीत आणखी एक गोष्ट मुद्दाम शोधा: शब्दांची डेटा फाइल. मराठीत एक ते शंभर जवळजवळ प्रत्येक आकडा पाठच करावा लागतो. एकोणीस, एकोणतीस असं करत करत एकोणनव्वदपर्यंत यावं, तर पुढे नव्व्याण्णव काही ‘एकोणशंभर’ होत नाही. म्हणजे तुमच्याकडे नियम नसून तक्ता असणार, आणि तो बहुधा जेसन (साध्या मजकुरात डेटा ठेवायची पद्धत) फाइलमध्ये. पायथनच्या फायली बिल्डमध्ये आपोआप येतात, जेसन येईलच असं नाही. सेटअपटूल्समध्ये ती ‘पॅकेज-डेटा’त नोंदवावी लागते किंवा मॅनिफेस्ट.इनमध्ये. पहिला मार्ग घ्या, म्हणजे मॅनिफेस्ट.इन बहुधा उडवताच येईल. आणि ती फाइल वाचताना फोल्डरचा पत्ता जोडत बसू नका, त्यासाठी पायथनचंच ‘इम्पोर्टलिब.रिसोर्सेस’ आहे.

अशी फाइल व्हीलमध्ये नसली तरी तुमच्या टेस्ट पास होतात, हा यातला खरा सापळा. टेस्ट रेपोच्या मुळातून चालवल्या की पायथनला शेजारीच पॅकेजचं फोल्डर दिसतं आणि तो तेच उचलतो, इन्स्टॉल केलेलं नाही. म्हणून सगळा कोड ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरमध्ये एक पायरी आत ढकला. मग इन्स्टॉल केल्याशिवाय इम्पोर्टच होत नाही, आणि वापरणाऱ्याला जे मिळतं तेच तुमच्या टेस्टनाही मिळतं. एक फोल्डर वाढतो, कबूल. पण ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य कमी वेळा म्हणावं लागतं.

व्हर्जन नंबर तुमच्याकडे किती ठिकाणी आहे ते एकदा सर्च मारून मोजा. माझ्याकडे चार ठिकाणी होता आणि चारांपैकी दोन चुकीचे. तो फक्त पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये लिहा, चालत्या पॅकेजला हवा असेल तर ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’ला विचारायचं, डॉक्सनीही तिथूनच घ्यायचा. गिटच्या टॅगवरून (कोडच्या इतिहासात आवृत्तीवर लावलेल्या खुणेवरून) व्हर्जन काढणारी प्लगइन्स आहेत, लोक ती आनंदाने वापरतात. मला लहान पॅकेजला ती जड वाटतात. सीआयवर (दर बदलाला टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) रेपो बहुधा शेवटच्या एका कमिटपुरताच उतरवला जातो, टॅग येत नाहीत, आणि व्हर्जन भलतंच निघतं. मग ते का, हे समजावणारी ओळ पुन्हा रीडमीत येते. वर्षातून चार रिलीज करणाऱ्याने नंबर हाताने लिहावा.

रिक्वायरमेंट्स.टीएक्सटीचं काय करायचं, यावर जरा थांबतो. तुमच्या सेटअप.पीवायमध्ये ती फाइल उघडून तिच्यातल्या ओळी डिपेंडन्सी म्हणून भरलेल्या असतील, आणि प्रत्येक ओळीत दोन बरोबरच्या चिन्हांनी नेमकं व्हर्जन बांधलेलं असेल. वेबसाइटसाठी ते ठीक आहे, लायब्ररीसाठी नाही. तुमचं पॅकेज दुसऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पाहुणा म्हणून जातं. पाहुण्याने ‘मला याच कंपनीचा, याच दिवशी दळलेला चहा लागतो’ म्हटलं तर यजमानाची पंचाईत होते, कारण दुसऱ्या पाहुण्याला दुसरा चहा लागत असतो. किमान कोणतं व्हर्जन लागतं तेवढं सांगा. वरची मर्यादा खरोखर काही मोडतं हे माहीत असेल तरच घाला. टेस्टसाठी आणि डॉक्ससाठी जी अवजारं लागतात ती वेगळी काढा. पेप ७३५ मुळे त्यांना आता ‘डिपेंडन्सी-ग्रुप्स’ अशी हक्काची जागा आहे आणि पिप २५.१ पासून ‘ग्रुप’ या पर्यायाने ती इन्स्टॉल होतात. आधी यासाठी पॅकेजच्या नावापुढे चौकोनी कंसात ‘डेव्ह’ लिहायची पद्धत होती. ती मॅकवर हमखास दगा द्यायची, कारण तिथला झेड-शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) चौकोनी कंस स्वतःसाठी समजतो आणि ‘असं काही सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो. अवतरणचिन्हं घातली की चालतं, पण ते सांगायला पुन्हा रीडमीत एक ओळ.

टॉक्स (वेगवेगळ्या पायथन आवृत्त्यांवर टेस्ट चालवणारं अवजार) आणि मेकफाइल ठेवायचे की नाही हे तुमच्या हातात. मी मेकफाइल काढली, ती कशी ते सांगतो.

एका इंजिनीअरिंग कॉलेजात मुलांना ओपन सोर्सची ओळख करून द्यायला गेलो होतो. म्हटलं, माझाच रेपो घ्या, टेस्ट चालवून दाखवा, मी मागे उभा राहून काही बोलणार नाही. पहिल्या मुलीने रीडमी वाचून ‘मेक टेस्ट’ टाइप केलं. विंडोजने सांगितलं, मेक नावाची कमांड ओळखत नाही. तिने ते इन्स्टॉल करायला घेतलं आणि वीस मिनिटं त्यात गेली. बोलायचं नाही म्हटलेलं, त्यामुळे मी ओठ चावत उभा. शेजारच्या मुलाने हुशारीने मेक टाळून थेट पिपने इन्स्टॉल करायला घेतलं. त्याला लाल अक्षरांत वेगळीच एरर आली: ‘चार्मॅप’ नावाच्या कोडेकला ‘८डी’ हा बाइट उलगडता येत नाही.

ही एरर मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावी अशी आहे. माझा सेटअप.पीवाय पॅकेजची माहिती म्हणून रीडमी उघडून वाचत होता आणि उघडताना एन्कोडिंग, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बाइटांत साठवलंय, ते सांगत नव्हता. लिनक्स आणि मॅक यूटीएफ-८ हे जगभरच्या लिप्यांचं एन्कोडिंग धरतात. इंग्रजी विंडोज बहुधा जुनं विंडोज-१२५२ धरतं. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता आपली अक्षरं बघा. हलन्ताचं चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ई०, ए५, ८डी असं तीन बाइटचं असतं. ऱ्हस्व उकाराच्या शेवटी ८१ येतो, ‘ए’च्या शेवटी ८एफ, ‘ऐ’च्या शेवटी ९०, ‘झ’च्या शेवटी ९डी. पाचही खड्डे आपल्याच वाटेवर! म्हणजे ‘मराठी’ हा शब्द त्या तक्त्यातून कचरा होऊन का होईना पण पार पडतो, ‘शब्द’ मात्र हलन्तावर आपटतो. माझ्या रीडमीत सुरुवातीला देवनागरीत फक्त ‘मराठी’ एवढंच होतं, बाकी इंग्रजी. तेव्हा विंडोजवर सगळं चालायचं. नंतर मी हौसेने मथळा ‘मराठी अकारविल्हे’ असा केला आणि त्या ‘ल्हे’मधल्या जोडाक्षराने विंडोजवरचं इन्स्टॉल बंद पाडलं. कोणी कळवलं नाही, कारण जे अडकले ते पुढे निघून गेले. तुमच्या पॅकेजात तर ‘रुपये’ आणि ‘अक्षरी’ हेच शब्द आहेत, तेव्हा तुमच्या न सुटलेल्या इश्यूंमध्ये ही एरर शोधा; दोन-चार तरी सापडतील.

पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये ‘रीडमी’ या नावापुढे फाइलचं नाव लिहिलं की हा प्रश्नच राहत नाही. टॉमल फाइल यूटीएफ-८ मध्येच असावी असा तिचा नियम आहे, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर रीडमीही यूटीएफ-८ च धरली जाते. लेखकाचं नावसुद्धा देवनागरीत लिहा, बिघडत नाही. पेप ६८६ प्रमाणे पायथन ३.१५ पासून फायली उघडताना मुळातच यूटीएफ-८ धरलं जाणार आहे, पण तोवर तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये जेसन उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहाच.

त्या दिवशी घरी येऊन मी मेकफाइल काढली आणि योगदान देणाऱ्यांसाठी तीनच कमांड ठेवल्या: वातावरण तयार करा, पॅकेज आणि टेस्टची अवजारं इन्स्टॉल करा, पायटेस्ट (टेस्ट चालवणारं अवजार) चालवा. आणि त्याच तीन कमांड, अक्षरही न बदलता, सीआयमध्ये घातल्या, विंडोजवरसुद्धा. आधी रीडमी एक सांगायची, सीआय दुसरंच करायचं आणि मी तिसरंच. आता डॉक्समधली कमांड मोडली तर सीआय लाल होतं.

मग डॉक्स. तुम्ही इथपर्यंत आलात की त्या दीडशे ओळींपैकी दहाएक उरतील. बाकीच्या तीनशेंत बहुधा चार जातींचा मजकूर एकमेकांत मिसळलेला असेल. डायटॅक्सिस नावाची मांडणी आहे, ती याचे चार कप्पे करते: शिकवणारं, एखादं काम करून दाखवणारं, संदर्भासाठी चाळायचं, आणि असं का केलं ते समजावणारं. मोठ्या प्रोजेक्टला चार वेगळे विभाग लागतात. तुम्हाला त्याचा उपयोग एवढाच की एका परिच्छेदात दोन जाती येऊ देऊ नका. ‘फंक्शनला दुसरा पर्याय दिला की पैसेही अक्षरांत येतात’ हा संदर्भ झाला. ‘लाख-कोटी धरले, मिलियन धरले नाहीत, कारण…’ हे स्पष्टीकरण. ते दुसरं वाचायला लोक सहा महिन्यांनी येतात. पहिल्या दिवशी त्यांना फक्त रक्कम अक्षरांत हवी असते.

रीडमीत माझ्या मते एवढं पुरे: पॅकेज काय करतं याचं एक वाक्य, इन्स्टॉलची एक ओळ, पाच ओळींचं उदाहरण आणि त्याचं उत्तर, पुढच्या डॉक्सचा दुवा, लायसन्स. चित्रं आणि दुवे पूर्ण पत्त्याने द्या, कारण हीच रीडमी पायपीआयच्या, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या भांडाराच्या, पानावर दिसते आणि तिथे रेपोतले अर्धे पत्ते तुटतात. उदाहरण खरं ठेवा. ‘फू’ आणि ‘बार’ नको. १,२५,०५० रुपये ही पावतीवरची रक्कम घ्या, तिचं उत्तर वाचणाऱ्याला पडताळून बघता येतं. आणि ते उदाहरण पायटेस्टला डॉकटेस्ट म्हणून, म्हणजे उदाहरण चालवून उत्तर जुळतं का ते बघत, चालवायला लावा. यात एक खोच आहे: मार्कडाउनमध्ये कोडची चौकट बंद करणारे तीन बॅकटिक (उलटी अवतरणचिन्हं) डॉकटेस्टला अपेक्षित उत्तराचा भाग वाटतात आणि बरोबर उत्तरही नापास होतं. चौकट बंद करण्याआधी एक रिकामी ओळ सोडा. अर्धा दिवस घालवून मिळालेली माहिती आहे ही.

डॉक्सची साइट बनवायला स्फिंक्स की एमकेडॉक्स? तुमच्याकडे सात-आठ फंक्शनं असतील तर दोन्ही नको, एक ‘डॉक्स’ फोल्डर आणि त्यात दोन मार्कडाउन फायली भागतात. साइट उभारली की तिचं कॉन्फिगरेशन आलं, तिचं बिल्ड आलं, आणि आपण परत सुरुवातीला आलो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. सगळं मराठी आणि सगळं इंग्रजी अशा दोन रीडमी ठेवू नका. सहा महिन्यांत त्यांतली एक शिळी होते, आणि माझ्या अनुभवात ती नेहमी मराठी असते. संदर्भाचा भाग इंग्रजीत असू द्या. शिकवणारा भाग मात्र मराठीत लिहा, आणि तो एकदाच लिहा. ‘एक लाख पंचवीस हजार पन्नास’ की ‘सव्वा लाख पन्नास’ हा वाद इंग्रजीत समजावून सांगणं म्हणजे शिक्षा आहे.

हे सगळं एका वेगळ्या रिलीजमध्ये सोडा, नवं फीचर त्यात घालू नका. आधी ‘आरसी१’ काढा, म्हणजे अंतिम होण्याआधीची चाचणी आवृत्ती. स्थिर आवृत्ती हजर असताना पिप असली आवृत्ती आपणहून कोणाला देत नाही, त्यामुळे नेहमीच्या वापरणाऱ्यांना धक्का लागत नाही. विंडोजवाल्या दोघा-तिघांना ती मुद्दाम इन्स्टॉल करायला सांगा, शक्य तर शेजारी बसून, तोंड बंद ठेवून. त्यांनी जिथे थांबून तुमच्याकडे बघितलं तिथे बिल्डमध्ये काय कमी आहे ते आधी तपासा, आणि काहीच करता आलं नाही तरच रीडमीत ओळ घाला. शेवटचा टॅग लावण्याआधी व्हीलची झिप उघडून ती शब्दांची जेसन फाइल आत आहे ना, तेवढं बघा.